येणार म्हणे

प्रज्ञा गेल्याची बातमी मला मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपवर कळली, आणि ती खोटी आहे असं समजून मी फोन पर्समध्ये ठेवून दिला.

सकाळची वेळ होती. शिवाजी पार्कची फेरी संपवून मी कट्ट्यावर टेकले होते. आमच्या ग्रुपचं नाव ‘येणार येणार’. जपानमध्ये एके काळी बनणारी आणि मग बंद पडलेली एक छोटी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार आहे, तिच्यावर जीव असलेल्या माणसांचा हा ग्रुप. तिच्या जागी नवी गाडी येणार अशी कुजबुज कित्येक वर्षं चालू आहे, आणि त्या कुजबुजीचा रोजच्या रोज समाचार घेणं हेच आमचं काम. गाडीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आणि माझ्या लेखामुळे आणखी एखादी अफवा उठली तर प्रज्ञा मला सोडणार नाही... सोडणार नाही, असं लिहून गेले. हे असंच होतंय सध्या.

तर नाशिकच्या एका सभासदाने लिहिलं होतं, ‘प्रज्ञाताई काल गेल्या. ब्रेन हॅमरेज.’ त्याच्याखाली लगेच कोणीतरी विचारलं होतं, ‘सोर्स?’ मग दुसऱ्याने, ‘लिंक आहे का?’ तिसऱ्याने, ‘फेक वाटतंय.’ आणि या सगळ्याच्या खाली कोणीतरी अगदी जबाबदारीने लिहिलं होतं, ‘प्रज्ञाताई स्वतः कन्फर्म करत नाहीत तोपर्यंत कोणीही ही बातमी पुढे पाठवू नये.’

हे वाचून मला चक्क बरं वाटलं. ग्रुपची ही शिस्त तिनेच लावलेली. कोण म्हणालं, कुठे म्हणालं, कोणाच्या तोंडून ऐकलं, हे विचारल्याशिवाय तिथे कोणी कशावर विश्वास ठेवत नसे. मी उठले, चालायला लागले. रस्ता ओलांडला आणि थांबले. फुटपाथवर उभी राहून मी तिला फोन लावला. ती आता उचलेल आणि म्हणेल, ‘काय मावशी, मेले की काय मी?’

फोन उचलला गेला. “मावशी, सिद्धार्थ बोलतोय.” सिद्धार्थ तिचा धाकटा भाऊ. मग जे झालं ते त्याने सांगितलं.

मंगळवारी दुपारी ऑफिसात काम करता करता ती शेजारणीला म्हणाली होती, डोकं फार दुखतंय. पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत तिने मान टेबलावर टाकली होती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलेलं. वय अडतीस. दुखणं नाही, खुपणं नाही, गोळी नाही. आदल्या रविवारी माझ्याकडे बसून तिने तीन थालीपिठं खाल्ली होती आणि लोणी कमी आहे म्हणून कुरकुर केली होती.

आमची ओळख झाली ती भांडणाने. माझे यजमान अविनाश जहाजावर इंजिनीअर होते. योकोहामाच्या बंदरात त्यांनी ही गाडी पाहिली आणि त्यांच्या मनात भरली. ती इथे आणण्याचे कागदोपत्री सोपस्कार उरकता उरकता ते मेटाकुटीला आले, पण गाडी आली. गडद हिरवी. दिवे लावले की बॉनेटमधून दोन गोल डोळे वर यायचे, बंद केले की आत जायचे. आमच्या बिल्डिंगमधले सगळे तिला बेडकी म्हणायचे. सीट इतकी खाली की साडी नेसून आत शिरणं म्हणजे कसरत. मी पंजाबी ड्रेस घालायला लागले ते त्या गाडीपायी, तोवर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवताना कधी साडी सोडली नव्हती. अविनाश बोटीवर असले की गाडी माझ्या ताब्यात. ते वारल्यावर पूर्णच माझ्या ताब्यात. दर रविवारी उजाडता उजाडता मी ती काढायची, गिरगाव चौपाटीपर्यंत न्यायची आणि परत आणायची. त्या फेरीत मी कोणाची विधवा नसायचे आणि कोणाची निवृत्त बाईही नसायचे.

मग आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. जुनं गॅरेज जाणार होतं. नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग, पाळण्यासारखं. त्यात बेडकीचं पोट घासलं असतं. सुटे भाग तर मिळेनासेच झाले होते. ठेवावी की द्यावी, या विचारात महिनोन्‌महिने गेले. त्याच सुमारास एका इंग्रजी वेबसाइटवर मथळा वाचला: नवी गाडी नक्की, लवकरच येणार. खाली बारीक अक्षरात होतं, जपानी मासिकातील वृत्तावरून, अनुवाद प्रज्ञा तांबे. मी म्हटलं, चला. जुनी जाऊ दे, नवी येतेय, अजून हातपाय धड आहेत, नवी घेईन. आणि बेडकी ठाण्याच्या एका तरुणाला देऊन टाकली.

पुढे कंपनीने सांगितलं की असं काही ठरलेलं नाही.

मी या प्रज्ञा तांबेचा फोन नंबर मिळवला. “तुम्ही लिहिलंत म्हणून मी माझी गाडी विकली,” मी म्हणाले. नमस्कार-चमत्कार काही नाही.

पलीकडून लगेच, “मॅडम, मी काय लिहिलेलं ते तुम्ही वाचलंत का?”

“वाचलं. नक्की म्हणून लिहिलं होतं.”

“ते त्यांनी लिहिलं. मी काय लिहिलेलं?”

“ते मला काय ठाऊक?”

“मग उद्या संध्याकाळी येते. कुठे राहता?”

आली. तासभर उशिरा आली, हे पुढे कळलं की तिच्या मानाने वेळेवर होतं. जीन्स, वर खादीचा कुडता, खांद्याला एवढी मोठी झोळी. चहा नको म्हणाली. झोळीतून एक जाड मासिक काढलं आणि दिवाणावर माझ्याजवळ न बसता सरळ जमिनीवर बसून ते पसरलं. पानभर फोटो होता: काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांनी अंगभर झाकलेली कुठलीशी गाडी, धूसर, लांबून चोरून काढलेली. शेजारी वरून खाली उतरणाऱ्या जपानी ओळी. एका ओळीवरून तिने बोट खाली आणलं, आणि अगदी तळाशी थांबवलं.

“हे वाचते. ‘देरू राशीऽ’. देरू म्हणजे निघणार, येणार. आणि हे शेवटचं राशीऽ म्हणजे म्हणे. येणार म्हणे. एवढंच लिहिलंय त्यांनी. मी इंग्रजीत ‘असं समजतं’ असं लिहून पाठवलं. वेबसाइटवाल्यांनी तेवढेच शब्द उडवले आणि मथळा केला.”

मी त्या अक्षरांकडे बघत राहिले. ती हसायला लागली. “आमच्या पप्पांनी पेपरातलं भविष्याचं पान कधी घरात वाचू दिलं नाही, मॅडम. राशी-बिशी सगळं बाहेर. आणि मी आता रात्रंदिवस राशीऽ वाचते.”

मला हसू आलं नाही. माझी गाडी गेली होती. तिच्या ते लक्षात आलं असावं. मासिक मिटून झोळीत टाकत ती म्हणाली, “चूक माझी नाही. पण खाली नाव माझं आहे. तुमची गाडी शोधू या आपण.”

तिच्या जपानीची कथा तिने मला हळूहळू सांगितली. वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हाताला काम नाही आणि घरी बसवत नाही, म्हणून ते नायगावच्या बुद्धविहारात जाऊन बसायचे. तिथे अधूनमधून एक जपानी भंते यायचे, पंख्यासारखं पातळ ढोलकं वाजवत. त्यांचं मराठी मोडकंतोडकं, पण बोलायचे मराठीतच. वडिलांच्या मनाने घेतलं की हा माणूस इतक्या लांबून येऊन आपल्या वस्तीत आपलं बोलतो, तर आपल्यातल्या कोणीतरी त्यांचं बोलायला नको का? घरात हुशार कोण, तर प्रज्ञा. तिला दादरच्या एका क्लासला घातलं. तिने सूत्रं वाचावीत, धम्माचं काही मराठीत आणावं, अशी त्यांची इच्छा होती. तिने थोडंफार आणलंही, विहारात वाचूनही दाखवलं. पण नोकरी लागली ती लोअर परळच्या एका ऑफिसात, यंत्रांची माहितीपुस्तकं मराठी-हिंदीत आणायची. तिथले जपानी साहेब मायदेशी परत गेले तेव्हा कपाटात गाड्यांच्या मासिकांचा ढीग ठेवून गेले. जेवणाच्या सुट्टीत ती चाळू लागली. प्रत्येक अंकात एक पान असायचं, न आलेल्या गाड्यांच्या बातम्यांचं. ते तिला भलतंच आवडलं, आणि त्याचं भाषांतर करून ती वेबसाइटला आणि ग्रुपवर द्यायला लागली.

“का पण?” मी विचारलं होतं. “गाडीशी तुझा संबंध काय?”

“मावशी, सगळी माहितीपुस्तकं सांगतात की हे असं आहे. हे बटण दाबा, ते लाल होईल. या एका पानावर लोक कबूल करतात की आम्हाला माहीत नाही. ‘असावी’, ‘असेल बहुतेक’, ‘असं ऐकलं’, ‘दिसतेय तरी तशी’. आणि प्रत्येकाला त्यांच्याकडे वाक्याच्या शेवटी वेगळं शेपूट आहे. ते शेपूट मराठीत आणायला काय मजा येते! इंग्रजीत नाय येत. मराठीत येतं.”

वडील गेले काही वर्षांपूर्वी. शेवटपर्यंत ते विचारायचे, “काय वाचतेस? धम्माचं काही?” ती म्हणायची, “गाडीचं.” ते म्हणायचे, “बरं. आली की सांग.”

बेडकीचा शोध तिने फोनवरून घेतला. ठाण्याच्या मुलाने ती पुढे विकली होती, घेणाऱ्याने आणखी पुढे. चिकाटी जबरदस्त. एखादा उडवाउडवी करू लागला की ती आवाज अजिबात न चढवता तोच प्रश्न पुन्हा विचारायची, आणि पुन्हा. एका दुपारी मला म्हणाली, “चला, रे रोडला जायचंय.” लाकडाच्या वखारींच्या मागे, एका लांबलचक शेडमध्ये, डिसोझा नावाचे एक म्हातारे गृहस्थ जुन्या गाड्या दुरुस्त करत. शेडमध्ये सागवानाच्या भुशाचा आणि ग्रीसचा मिळून एक गोडसर वास. कोपऱ्यात ताडपत्रीखाली बेडकी. इंजिन बाहेर काढून ठेवलेलं, पण अंग धड, रंग शाबूत. मी दार उघडून आत बसले. बराच वेळ बसले. प्रज्ञा दुसऱ्या बाजूने येऊन शेजारी बसली आणि काहीच बोलली नाही. तिच्यासारख्या बडबड्या मुलीच्या मानाने ते फार होतं.

डिसोझांनी गाडी स्वतःसाठीच घेतली होती, विकायची नव्हती. त्यांना प्रज्ञाचं नाव कळल्यावर ते हातातला पाना घेऊनच जवळ आले. “तुम वो जपानी वाली ना? सच बोल बेटा, नई आ रही है क्या? आ रही है तो मैं इसपे क्यूँ मेहनत करूँ?”

“अंकल, आप बनाओ.”

“मतलब नहीं आ रही?”

“मतलब आप बनाओ.”

त्यांनी बनवली. कितीतरी महिन्यांनी एके सकाळी मला फोन आला, कोणी बोलेना, नुसता इंजिनाचा आवाज. मी स्वयंपाकघरात उभी राहून तो ऐकत राहिले. गाडी योग्य हातात पडली, हे मला पुरलं. तेव्हापासून मी प्रज्ञाची मावशी झाले आणि रविवारच्या गाडीची जागा रविवारच्या प्रज्ञाने घेतली.

ती यायची ती वादळासारखी. माझा चहा तिला पांचट वाटायचा, म्हणून स्वतः ओट्याशी जाऊन आलं ठेचून करायची आणि सगळीकडे पसारा. पाठोपाठ त्या आठवड्याचा माल काढायची. बॅटरीवर चालणारी येणार म्हणे. छत दुमडणारी येणार म्हणे. येणार नाही म्हणे, साहेब बदलले. नवे साहेब लहानपणापासून त्या गाडीवर फिदा आहेत म्हणे. मी तिच्या मराठीत एखादी वेलांटी सुधारली की ती भडकायची. “तुमचं शिवाजी पार्कचं मराठी ठेवा तुमच्याकडे. माझे वाचणारे भायखळ्यापासून भुसावळपर्यंत आहेत.” एकदा आमच्याच मजल्यावरच्या एका बाईंनी तिला दारात बघून मला विचारलं, “नवीन ठेवलीय का कामाला?” मी खाली बघून पायपुसणं सरळ करू लागले. प्रज्ञाने चपला काढता काढता मान वर केली. “हो ना. अफवा साफ करायला येते.” त्या बाई गोंधळून हसल्या. आत आल्यावर मात्र तिने चहा केला नाही. बराच वेळ खिडकीशी उभी होती. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, “राहू दे मावशी. यात ‘म्हणे’ काही नाही. हे कन्फर्म आहे.”

एका गोष्टीचं उत्तर तिने कधीच कोणाला दिलं नाही. ग्रुपवर सतत कोणीतरी विचारायचं: ताई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, येईल? मीही एकदा विचारलं. पार्काच्या कट्ट्यावर आम्ही भेळ खात बसलो होतो.

“माझं वाटणं ही काय बातमी आहे का?”

“बातमी नको. मला सांग. मी कोणाला सांगणार नाही.”

“हेच म्हणतात सगळे. तिथूनच सुरू होतं.” आणि माझ्या पुडीतली शेवटची पुरी तिने उचलली.

मी तिला गाडी शिकवते म्हटलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. माझी आताची गाडी साधी, कोणालाही चालवता येईल अशी. ती हात जोडायची. “मी वाचणारी आहे. चालवणारे वेगळे.” चाळीतून ऑफिसात चालत, ऑफिसातून चाळीत चालत, माझ्याकडे बसने. त्या गाडीच्या सस्पेन्शनवर तासभर बोलू शकणारी ही मुलगी कधी स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हती. मी म्हटलं, असतात माणसं अशी.

शेवटच्या रविवारी निघताना लिफ्टच्या दारात म्हणाली, “मंगळवारी नवीन अंक येतोय. बुधवारी टाकते ग्रुपवर.” लिफ्टचं दार बंद झालं. ...मी अजून कधीकधी त्या दाराकडे बघत उभी राहते. सहा मजले खाली जायला असा कितीसा वेळ लागतो? त्या दारापाशी मी तिला नीट ‘ये गं’ देखील म्हटलं नव्हतं. दूध उतू जात होतं म्हणून आत वळले.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला विहार भरला होता. डिसोझा आले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. ग्रुपवरची किती माणसं बाहेरगावाहून आली होती, सगळी एकमेकांना पहिल्यांदाच बघत होती. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव: हे खरं नाहीये, कोणीतरी येऊन आत्ता सांगेल. कोणी आलं नाही. त्यानंतरच्या आठवड्यात ग्रुपवर कोणीतरी जपानी बातमी टाकली, मशीनने भाषांतर केलेली: नवी गाडी निश्चित. एरवी पाच मिनिटांत शंभर प्रश्न पडले असते. त्या दिवशी कोणी काहीच लिहिलं नाही. ओळीच्या शेवटी कुठलं शेपूट होतं, ते बघणारं कोणी उरलं नव्हतं.

महिना होत आला तेव्हा मी नायगावला तिच्या घरी गेले. सिद्धार्थने रजा घेतली होती. प्रज्ञाच्या आई दारातच पाट टाकून बसल्या होत्या, समोर मेथीची जुडी. पानं खुडत होत्या, पण पानं आणि काड्या दोन्ही एकाच ताटात पडत होत्या. मला बघून म्हणाल्या, “या बाई. बसा. ती आता येलच...” आणि स्वतःच थांबल्या. पदर तोंडाला लावला. “तोंडातून असंच जातं ओ. सकाळी पण दोन कप चहा टाकला मी.”

मी आत बसले. तिच्या टेबलावर ऑफिसातून आणून दिलेलं नवीन मासिक प्लॅस्टिकच्या पाकिटात तसंच होतं. मी त्याच्याकडे बघत होते, तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. दोनदा, आखूड. जरा वेळाने पुन्हा दोनदा. मग जिन्यावर पावलं, आणि दारात एक पन्नाशीचे गृहस्थ, दाढी मेंदीने रंगवलेली, हातात किल्ली.

“तांबे मॅडम इथेच राहतात ना? फोन लागत नाही त्यांचा.”

सिद्धार्थ उठला. “कोण आपण?”

“मी सलीम. मोटर ट्रेनिंगवाला. गावाला गेलेलो, भावाच्या मुलीचं लग्न होतं. काल आलो. परवा मॅडमची टेस्ट आहे, म्हणून म्हटलं सांगून ठेवतो.”

आमच्यापैकी कोणाला काही समजलंच नाही. आईंनी सिद्धार्थकडे बघितलं. “कसली टेस्ट? रक्ताची?”

“नाही आई, गाडीची. ड्रायव्हिंग टेस्ट. फर्स्ट क्लास हात बसलाय मॅडमचा.”

सिद्धार्थने त्यांना हाताला धरून बाहेर गॅलरीत नेलं. काय बोलला ते ऐकू आलं नाही. फक्त किल्ली फरशीवर पडल्याचा आवाज आला. सलीमभाई परत आत आले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी हातात घेतली होती. ते भिंतीला टेकून खालीच बसले. “या अल्ला,” एवढंच म्हणाले. “या अल्ला.”

आईंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. मग विचारलं, “कधी शिकायची ती?”

“सकाळी. विहाराच्या कोपऱ्यावर उभ्या राहायच्या. मी उचलायचो, आपण भोईवाड्यापर्यंत जायचो, परत यायचो.”

“मला म्हणायची, चालायला जाते. डॉक्टरने सांगितलंय.” आईंचा आवाज एकाएकी चढला. “का नाय सांगितलं? आम्ही काय नको म्हटलं असतं? सिद्धार्थ, तुला म्हायत होतं?”

सिद्धार्थने मान हलवली. मलाही माहीत नव्हतं. मला, जिने तिला शिकवते म्हणून किती आर्जवं केली होती! मला एकदम राग आला, मेलेल्या माणसाचा येतो तसा, कुठे ठेवावा ते कळेना असा.

“मी विचारलं होतं, आई,” सलीमभाई म्हणाले. “घरी का नाही सांगत? तर बोलल्या, पास झाल्यावर सांगेन. आधी सांगितलं की रोज सगळे विचारणार, झालं का, झालं का. पक्कं झाल्याशिवाय माझ्याबद्दल काही उठायला नको.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “मी बोललो, मॅडम, गाडी तर नाही तुमच्याकडे, शिकून करणार काय? कुठली घेणार? तर बोलल्या, एक येणार आहे.”

मी सरळ होऊन बसले. “काय म्हणाली? नीट आठवून सांगा. येणार म्हणे, असं म्हणाली?”

“नाही नाही. येणार आहे. मीच हसलो, बोललो कधी येणार? तर बोलल्या, ते माहीत नाही. पण येणार आहे.”

खालच्या नळावर कोणाची तरी बादली भरत होती, तेवढाच आवाज. इतकी वर्षं मी जे विचारत होते त्याचं उत्तर तिने या माणसाला सकाळी सकाळी, क्लच दाबता दाबता देऊन टाकलं होतं. आणि ज्याला दिलं त्याला कुठली गाडी ते ठाऊकही नव्हतं. मला हसायला येत होतं आणि श्वास घेता येत नव्हता.

आईंनी मेथीचं ताट बाजूला सारलं आणि उठल्या. “मला बघायचीय,” त्या म्हणाल्या.

“काय आई?” सिद्धार्थने विचारलं.

“ती बसायची ती जागा.”

आम्ही सगळे खाली उतरलो. चाळीच्या तोंडाशी एक लहानशी पांढरी गाडी उभी होती, डोक्यावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, काचेवर लाल ‘एल’. लोक गॅलऱ्यांतून बघत होते. सलीमभाईंनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आई आत बसायला वाकल्या, तेवढ्यात ते म्हणाले, “एक मिनिट आई, थांबा.” त्यांनी सीटखाली हात घातला, खटका ओढला आणि सीट पुढे सरकवली. एकदा, पुन्हा एकदा, अगदी स्टिअरिंगच्या जवळ येईपर्यंत. “मधे दुसरे लोक बसून गेले ना. मॅडमची सीट इथे असायची. उंची कमी होती त्यांची.”

आई बसल्या. त्यांचीही उंची तेवढीच. पाय पेडलना बरोबर पोचले. त्यांनी दोन्ही हात आधी मांडीवर ठेवले, मग उचलून स्टिअरिंगवर ठेवले. समोर काचेतून विहाराची कमान दिसत होती, भाजीची हातगाडी, नेहमीचा रस्ता. मला वाटलं, आता त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. वर्गातल्या मुलीने मास्तरांकडे बघावं तसं त्यांनी सलीमभाईंकडे बघितलं.

“आता काय करायचं?”

सलीमभाई दाराशी वाकून उभे होते. रोजच्यासारखंच त्यांनी सांगितलं, “सगळ्यात आधी आरसा लावून घ्यायचा, आई. आपल्याला मागचं दिसतंय का, बघायचं.”

आईंनी हात वर केला आणि आरसा हलक्या हाताने फिरवला. थोडा खाली, थोडा डावीकडे. मागे सिद्धार्थ उभा होता, मी उभी होते, आणि आमच्यामागे अख्खी चाळ. त्या आरशात बघत राहिल्या. सलीमभाईंनी त्यांना घाई केली नाही.